जंतू मारून इसब जात नाही, ताई

तुमचं चार पानी पत्र वाचलं. लेकीला 'नीट'मध्ये दोनदा हवे तेवढे गुण पडले नाहीत. तिला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला जायचंय, तुमचा हट्ट तिसऱ्यांदा 'नीट' देऊन पुढे 'स्किन'मध्येच एम.डी. करण्याचा, कारण 'लहानपणापासून इसब आहे, तिच्याइतकं कोणाला कळणार?' मी मात्र तिसऱ्या पानावर अडकले. पाहुणे आले की तिला पूर्ण बाह्यांचा कुर्ता, आणि रोज दोनदा जंतुनाशक साबणानं कोपरं घासणं. गुणांची काळजी मला वाटली नाही, याची वाटली.

इसब अस्वच्छतेनं होत नाही. बऱ्याच जणांत त्वचेची भिंतच जन्मतः कच्ची असते. फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाशी असलेला संबंध 2006 साली उघड झाला. अशा कोरड्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू माजतो आणि इसब उसळला की बाकीच्या जंतूंना मागे सारतो. 2023 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की त्याचं एक विकर थेट चेतातंतूंना डिवचून खाज आणतं. मग मारा सगळ्यांना, असं तुम्ही म्हणाल. तिथंच चुकतंय. त्याच त्वचेवर त्याचे भाऊबंद राहतात, आणि त्यांतले काही त्यालाच मारणारी द्रव्यं बनवतात. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी पाच रुग्णांच्या अंगावरचे असे जंतू वाढवून, मलमात मिसळून त्यांनाच परत लावले, तर ऑरियस घटला. हे 2017 सालचं. (दुकानात मिळणारं औषध नव्हे हे, शोधू नका.) तुमच्या साबणाला राखणदार आणि चोर यांतला फरक कळत नाही, वर भिंत आणखी कोरडी पडते.

पत्राच्या तळाशी लेकीनं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आहे, तुम्ही पाहिली नसावी: 'माझ्या कोपरावर नेमकं कोण राहतं, ते मला बघायचंय.' हा प्रश्न डॉक्टरचा नाही, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा आहे. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षं काढून त्वचारोगाच्या मूठभर जागांसाठीच्या झुंबडीत तिला ढकलण्यात मला अर्थ दिसत नाही. पदवीनंतर एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम किंवा गॅट-बी परीक्षा, पुढे संशोधनासाठी सीएसआयआर-नेट परीक्षा. वाट ठरलेली आहे. देशाचा मोठा सूक्ष्मजीवसंग्रहही पुण्यातच आहे.

पण अर्ज नंतर. या आठवड्यात तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या, होणारी डॉक्टर म्हणून नाही, पेशंट म्हणून. आणि जाताना अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालू द्या.