पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन 8.6, लोहाच्या गोळ्या सोसत नाहीत, बंद करून बीट-खजुरावर भागेल का?

नाही ताई, भागणार नाही. मी गरोदर बायकांच्या ओपीडीत नर्स आहे. मळमळ आणि घट्ट शौचाला कंटाळून गोळ्या सोडणाऱ्या खूप जणी भेटतात, त्यामुळे तुमचा त्रास मला कळतो. पण गरोदरपणात 11 च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, आणि 7 ते 9.9 म्हणजे मध्यम रक्तक्षय. या दिवसांत रक्त थोडं पातळ होतंच, पण नुसतं त्याने 8.6 होत नाही.

अख्ख्या गरोदरपणात साधारण 1000 मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं. 100 ग्रॅम बीटमध्ये ते 1 मिलिग्रॅमही नसतं, आणि भाजीपाल्यातलं लोह अंगी लागतं त्यातलं थोडंसंच. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम असतं आणि तुमच्यासारख्यांना सहसा दिवसाला दोन देतात. पालेभाजी, मटकी, चालत असेल तर मटण-मासळी जरूर खा, पण गोळीच्या जोडीला.

गोळी सोडू नका, घ्यायची वेळ बदला. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत घ्या. आधी-नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने. या दोन गोळ्या एकदम गिळणाऱ्या फार जणी पाहते, आणि मग लोह वाया जातं. शौच काळी होते, घाबरू नका. तरी जमत नसेल तर डॉक्टर दुसऱ्या क्षाराची (वेगळ्या प्रकारच्या लोहाची) गोळी देतात किंवा काही दिवस एकच गोळी देऊन पाहतात.

सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) कागदावर एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, बघा. लोह कमी असेल तर तो बहुतेकदा 80 च्या खाली असतो. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप, 30 च्या खाली असेल तर लोहाची कमतरता जवळपास नक्की. एमसीव्ही कमी पण फेरिटिन चांगलं असेल तर थॅलेसेमिया मायनरसाठी (आई-वडिलांकडून येणारा, सहसा त्रास न देणारा रक्तदोष) एचपीएलसी ही रक्ततपासणी हवी. ती लवकर करा, कारण तुमच्यात तो निघाला तर नवऱ्याचीही तपासणी करावी लागते; दोघांत असेल तर बाळाला गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो. शाकाहारी असाल तर बी-12 या जीवनसत्त्वाच्या कमतरतेबद्दलही विचारा.

महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन तपासा. नियमित गोळ्या घेऊन निदान 1 ग्रॅम वाढायला हवं. वाढलं नाही तर शिरेतून लोह देता येतं. तुमचे पहिले तीन महिने उलटलेत, त्यामुळे त्याला आडकाठी नाही. मात्र ते रिअ‍ॅक्शन सांभाळता येईल अशा दवाखान्यातच घ्या. खर्चाची काळजी असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते.

बसल्या जागी धाप लागली, छाती धडधडली किंवा हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाळंतपणात रक्त जातंच, म्हणून बाळ झाल्यावरही सहा महिने रोज एक लोहाची गोळी चालू ठेवायची आहे.