विदर्भातील लेणी, गरम पाण्याचे झरे आणि प्राचीन अवशेष पाच दिवसांत पाहायचे असतील, तर प्रवास कसा आखावा?

नागपुरात उतरून भाड्याच्या गाडीने पाच दिवस फिरायचे आहे, सोबत सत्तरीतले आई-वडील आहेत आणि यादीत लोणारपासून मार्कंड्यापर्यंत सर्व ठिकाणे आहेत, असे आपण लिहिले आहे. माझी पहिली विनंती अशी की ती यादी निम्मी करावी. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे पश्चिम विदर्भात आहे आणि मार्कंडा पूर्वेला गडचिरोलीत. दोन्ही एकाच फेरीत घेतले, तर आई-वडिलांचा बहुतेक वेळ गाडीतच जाईल. उल्कापातामुळे काळ्या बसाल्ट खडकात तयार झालेले लोणारचे विवर आणि तेथील दैत्यसूदनाचे देऊळ यांसाठी वेगळा प्रवास करावा. वेरूळ-अजिंठ्याला जाल तेव्हा तो अधिक सोयीचा पडेल. या वेळी पूर्वेकडेच राहावे. मी भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातला आहे, त्यामुळे माझे मत या बाजूला झुकलेले आहे. तरीही वैनगंगेच्या खोऱ्यात जे जुने आहे ते थोड्या अंतरात आणि फारशी चढण न चढता पाहता येते, हे कोणीही मान्य करील.

पहिला दिवस रामटेक परिसराला द्यावा. नगरधन म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या प्राचीन वाकाटक घराण्याची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची कन्या प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या निधनानंतर लहान मुलांच्या वतीने येथून राज्यकारभार पाहिला. रामटेकच्या टेकडीवरील केवल नृसिंहाच्या देवळात वाकाटककालीन शिलालेख आहे. गडमंदिराकडे जाणारे बहुतेक लोक तेथे थांबतच नाहीत, आपण थांबावे. जवळच्या मनसरला हिडिंबा टेकडीच्या उत्खननात विटांचे मोठे बांधकाम निघाले. तेथे मिळालेली शिवाची सुंदर मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दुसऱ्या दिवशी उमरेड-भिवापूर मार्गाने पवनीला यावे. येथे मात्र घाई करू नये. गावाच्या तीन बाजूंना मातीचा उंच तट आणि खंदक असून चौथ्या बाजूला वैनगंगा आहे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा विटांचा स्तूप, दानकर्त्यांचे ब्राह्मी लेख कोरलेले दगडी खांब आणि बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले. आज तेथे पाहणाऱ्याला टेकाडच दिसते, आणि ‘येथे काही नाही’ असे म्हणून गाड्या परत फिरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पावसाळा संपल्यावर तटाच्या उतारावरून चालत जावे. पाण्याने माती धुऊन गेलेल्या जागी खापरे उघडी पडलेली असतात. एखादे खापर आतून काळे आणि बाहेरून लाल दिसले, तर थोडे वाकून नीट पाहावे. असे भांडे बहुधा भट्टीत पालथे ठेवलेले असे. आतल्या बाजूला हवा न मिळाल्याने ती काळी राहिली आणि बाहेरची बाजू मोकळ्या हवेत लाल भाजली. या प्रकारची भांडी दोन हजार वर्षांहून जुन्या वस्त्यांची खूण मानली जातात. ते खापर उचलून नेऊ नये, होते तेथेच राहू द्यावे. जागा सुटली की त्याचा अभ्यासाला काही उपयोग उरत नाही.

पुढे नागभीड, सिंदेवाही, मूल असा रस्ता धानाच्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव यांच्या बाजूने जातो. मार्कंडा चामोर्शी तालुक्यात आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते, आणि उत्तरवाहिनी नदी पवित्र मानली जात असल्यामुळे हा देवळांचा समूह येथे उभा राहिला. मुख्य देवळावर पूर्वी वीज पडून शिखराची मोठी हानी झाली होती. दुरुस्ती दीर्घकाळ चाललेली असल्याने एखादा भाग बंद मिळू शकतो, म्हणून आधी चौकशी करावी. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते; वडीलधाऱ्यांसोबत शांतपणे शिल्पे पाहायची असतील, तर ते दिवस टाळावेत.

लेण्यांसाठी चंद्रपूरमार्गे भद्रावतीला यावे. विजासन लेण्यांत अजिंठ्यासारखी चित्रे किंवा वेरूळसारखी भव्यता नाही. टेकडीच्या पोटात सरळ शिरणारी एक लांब वाट, तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या दोन वाटा आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला बसलेली बुद्धमूर्ती, एवढीच त्यांची रचना आहे. दारातून आत येणारा उजेड मागे पडू लागला की डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबावे लागते, आणि मग मूर्तीचे खांदे आणि चेहरा सावकाश आकार घेतात. मोबाइलचा दिवा लगेच लावू नये, एवढे मी आवर्जून सांगेन. वटवाघळांचा वास येतो. आईंना दम्याचा त्रास असेल, तर त्यांनी दाराशी बसावे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची नैसर्गिक गुहा फार विशाल आहे, पण डोंगर चढावा लागतो, म्हणून या वेळी ती सोडावी. माघ पौर्णिमेला गोंड समाजाची तेथे मोठी यात्रा असते. पुढे कधी गेलात, तर ते त्यांचे श्रद्धास्थान आहे हे लक्षात ठेवूनच जावे.

गरम पाण्याच्या झऱ्यांबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. आपल्या विदर्भात जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि भ्रंशाच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेच्या, वाटेने पुन्हा वर येते. अमरावती जिल्ह्यातील मोर्शीजवळचे सालबर्डी गाविलगड भ्रंशाच्या परिसरात आहे; तेथे महादेवाची गुहाही आहे. यवतमाळच्या बाजूने पैनगंगा ओलांडली की किनवट तालुक्यातील उनकेश्वर लागते. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून तेथे गरम पाणी काढले, अशी कथा आहे, आणि त्वचारोग बरा व्हावा म्हणून लोक आजही स्नानाला येतात. दोन्ही ठिकाणे वैनगंगेच्या फेरीबाहेर आहेत. झरा पाहायचाच असेल, तर पाचवा दिवस सालबर्डीला द्यावा; नागपूरहून काटोल-वरूड मार्गाने पहाटे निघावे. वडिलांना रक्तदाबाचा त्रास असल्यास त्यांनी गरम पाण्यात पाय सोडून बसावे, पूर्ण उतरू नये.

हा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करावा. चंद्रपूरचा उन्हाळा वृद्धांना सोसत नाही. मूल आणि भद्रावतीच्या परिसरात वाघांचा वावर आहे, त्यामुळे दिवस मावळण्याआधी मुक्कामी पोहोचावे आणि झुडपांकडे एकट्याने जाऊ नये. मुक्कामासाठी नागपूर, ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही गावे सोयीची आहेत. पवनीला दुपारी बाराच्या आत आलात, तर जेवणाआधी तटावर ऊन चढलेले नसेल.