साडेसात की साडेआठ

काय बे पोरा,

परवा मानेवाड्याच्या लग्नात तू आपल्या डीजेच्या बेस स्पीकरच्या पुढ्यात उभा राहून लेव्हल सेट करून राहिला होतास, आणि मग रात्री टपरीवर म्हणालास, काका, कानात शिट्टी वाजून राहिली, आणि वरून हसलास. चार पोरं सोबत होती म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. आता लिहितो, लांबण लागेल, पण पूर्ण वाच.

ती शिट्टी मलाही वाजायची. शो झाला की कान भरल्यासारखे व्हायचे, सकाळी उठलो की मोकळे, मला वाटायचं चला, बरा झाला कान. तसं नसते बे. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो, कॉक्लिया, त्यात केसांसारख्या बारीक पेशी, जन्माला येतो तेव्हा एका कानात पंधरा-सोळा हजार, तेवढाच स्टॉक. मोठ्या आवाजानं त्या आडव्या पडतात, काही रात्रीतून उभ्या होतात, काही मरतात, मेलेली परत येत नाही. कोंबडीच्या कानात येते म्हणे, माणसाच्या नाही. सावजी हॉटेलात कोंबडी खायला बसलो की आजकाल मला हेच आठवते, हसू नको.

आणि बहिरेपण म्हणजे आवाज बंद होतो असं तुला वाटत असेल तर तेही नाही. मला सगळं ऐकू यायचं, कळायचं नाही. एका पार्टीनं फोनवर हळदीचा टाइम सांगितला साडेसात, मी ऐकला साडेआठ. पोचलो तर नवरीचा मामा गेटवर उभा, त्याचे शब्द मात्र एकूण एक ऐकू आले. स, श, फ, थ हे आवाज बारीक आणि वरच्या पट्टीचे, आवाजानं कान जातो तेव्हा आधी तेच गळतात, आ-ई-ओ जाड असतात ते राहतात. म्हणून समोरचा तोंडातल्या तोंडात बोलून राहिला असं वाटते. मी दोन वर्षं काकूला हेच म्हणायचो, नीट बोलत जा. उन्हाळ्यात कूलर सुरू असला की तर विचारूच नको, टीव्ही इतका मोठा की शेजारच्यांना बातम्या फुकट.

खरं कळलं ते थर्मामीटरनं. नातीला ताप होता, मी काखेत लावून बसलो, हा वाजतच नाही. सेल बदलला, तरी नाही, दुकानदाराला शिव्या घालून दुसरा आणला, तोही मुका. तिसऱ्यांदा लावला तर पोरगीच म्हणते, आबा वाजला न, काढा. हातात धरून होतो बे मी तो, कानाजवळ नेला, काहीच नाही.

मग गेलो तपासायला. काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. मी बसलो आहे आणि बटण हातात तसंच, बाहेर ती मॅडम वाट पाहून राहिली. ग्राफ आला, लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या, 1000 पर्यंत लाइन बरी होती आणि 4000 हर्ट्झला विहिरीत पडल्यासारखी खाली. आपण आयुष्यभर इक्वलायझरवर हाय, म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज, कट करतो, माझ्या डोक्यातला हाय कटच झाला होता, आणि त्याच कानानं मी मिक्स करून राहिलो होतो. म्हणजे हाय जास्त वाढवायचो आणि पब्लिकचे कान फाडायचो.

आता तुझं. डेसिबल म्हणजे आवाजाचं माप, त्याचा हिशोब साधा नसतो, 3 वाढले की ताकद दुप्पट. 85 ला दिवसाचे 8 तास कानाला चालते, 88 ला 4, 91 ला 2, आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. आपला डीजे 100 च्या वर सहज जातो आणि वरात किती वेळ चालते ते तुला ठाऊक आहे. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं आवाज मोजायचं नॉइज ट्रॅकर म्हणून अ‍ॅप काढलं आहे, ते टाकून बघ, अंदाज येईल. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल उतरतात, म्हणून काम झालं की बेससमोरून हल, सेल्फी मागून काढ. फोमचे प्लग घे, कापसाचा बोळा फार काही अडवत नाही. प्लग नुसता कोंबू नको, बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेव. मिक्स करताना फोममधून हाय दबतात, त्यासाठी फिल्टरवाले मिळतात, महाग आहेत पण तुझ्या त्या बुटांपेक्षा नाही. आणि घरी जाताना इअरफोन कशाला बे, कानाला सुट्टी दे.

मेडिकल किंवा मेयो, आपल्या नागपूरच्या या सरकारी दवाखान्यांच्या कान-नाक-घसा ओपीडीत जाऊन आत्ताच एक ऑडिओग्राम, म्हणजे तोच कानाचा ग्राफ, काढून ठेव, चांगला आहे तोवर, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी राहील. मी 54 व्या वर्षी गेलो, तुलना कशाशी करणार?

गाडीची चावी कानात घालणं बंद. बड पण नाही, तेल पण नाही, मळ आपोआप बाहेर येतो, बड त्याला आत ठोकतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेव, कधी एकाच कानाचं ऐकू येणं अचानक, दिवस-दोन दिवसांत गेलं तर सर्दी असेल म्हणून थांबू नको, त्याच दिवशी डॉक्टर, त्यात औषधाला मोजके दिवसच असतात.

मी कानाला ऐकायचं मशीन लावलं तेव्हा पहिला आठवडा वेड लागायची पाळी आली, चिवड्याची पन्नी वाजली की दचकायचो, भांडी तर नकोच. काढून ठेवू म्हटलं तर काकूनं डबीच लपवली. महिन्याभरात सवय झाली. मेलेल्या पेशी त्यानं येत नाहीत, पण फोनवर माणूस कळतो.

रविवारी कळमन्याची हळद आहे, साडेसातला. मेसेजवर लिहून मागवलं मी. प्लग घेऊन ये, नाही तर केबल गुंडाळायला बसवीन.

काका