साइट लॅपटॉपवर, सर्व्हरवर फक्त नक्कल

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतो आणि स्वतःच्या साइटवर घालतो. पानं साधी एचटीएमएलची, नोटपॅडमध्ये केलेली. होस्टिंगवाल्याच्या फाइल मॅनेजरमधून एकेक चढवतो. खरं मध्येच नेट गेलं की काय चढलं, काय राहिलं कळत नाही. नवं गाव वाढवलं की वरचा मेनू सगळ्या पानांवर बदलायचा, तो कुठंतरी राहतोच. पुण्यातला भाचा म्हणतो, वर्डप्रेस हे साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर घ्या. घेऊ का?
– एक शिक्षक, जांबोटी परिसर

उत्तर : गुरुजी, भाच्याला माझा नमस्कार सांगा, पण वर्डप्रेस घेऊ नका. त्याला सर्व्हरवर पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागते, डेटाबेस लागतो, प्लगइनांचे म्हणजे जोडभागांचे अपडेट वेळेवर घालावे लागतात आणि नाही घातले तर कुणीतरी आत शिरतं. एकदा लिहिली की न बदलणारी ओवी दाखवायला एवढा पसारा म्हणजे दोन पायली भातासाठी राइस मिल घालणं. तुमची पानं आहेत तशी बरी आहेत. बदलायची ती चढवायची रीत.

आधी एक पक्कं करा. खरी साइट तुमच्या लॅपटॉपवर, सर्व्हरवर म्हणजे होस्टिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर तिची नक्कल. यापुढे फाइल मॅनेजरमध्ये जाऊन तिथल्या तिथं एक अनुस्वारसुद्धा सुधारायचा नाही. सुधारलात तर पुढच्या खेपेला स्क्रिप्ट (ओळीनं चालायच्या कमांडींची फाइल, ती खाली सांगते) तो पुसणार, आणि ते बरोबरच आहे.

मेनूसाठी : वरचा भाग एका फाइलीत, तळाचा दुसरीत, आणि प्रत्येक गावाच्या फाइलीत नुसत्या ओव्या. ‘कॅट’ ही कमांड फाइली एकापुढे एक जोडते. गावागणिक वरचा भाग, ओव्या, तळ असं जोडून तयार पान ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये टाकायचं, एवढंच स्क्रिप्टचं काम. नंदगड वाढलं तर मेनूत एक ओळ घाला आणि स्क्रिप्ट चालवा. पानाचं शीर्षक दर गावाला वेगळं हवं असेल तर वरच्या भागात एक खुणेचा शब्द ठेवा. ‘सेड’ ही कमांड तो बदलून देते.

चढवायला आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेलं हे साधन आपल्याकडच्या नेटला फार मानवतं. आकार आणि वेळ बघून बदललेल्या फाइलीच ते घेतं. पानं नव्यानं जोडल्यामुळं सगळ्यांची वेळ बदलली, तरी तुकड्यांचा ताळा घेऊन फरकापुरतंच पाठवतं. मला त्याची आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. येणारी फाइल ते आधी तात्पुरत्या नावानं लिहितं आणि पुरी झाल्यावरच खऱ्या नावावर आणतं. म्हणजे पावसात नेट मध्येच गेलं तरी वाचणाऱ्याला अर्धं पान दिसत नाही. नेट आलं की तीच कमांड परत द्या. पोचलेल्या फाइली ते वगळतं.

या कमांडी लिनक्सच्या. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स ही दुसरी सिस्टिम चालवायची सोय) बसवून त्यात उबुंटू हा लिनक्सचा प्रकार घ्या. होस्टिंगवाला एसएसएच, म्हणजे आरसिंकला सर्व्हरवर शिरायची सुरक्षित वाट, देतो का, हे आधी विचारा. नुसतं एफटीपी (फाइली पाठवायची जुनी रीत) देत असेल तर ‘एलएफटीपी’ या साधनातला उलटा ‘मिरर’, म्हणजे लॅपटॉपवरून सर्व्हरवर नक्कल, वापरा. काम भागतं, गोडी नाही.

आता जपायचं कुठं. आरसिंकचा ‘डिलीट’ पर्याय लॅपटॉपवर नसलेलं सर्व्हरवरूनही काढतो. हवाच आहे तो, नाहीतर जुनी पानं तिथं तशीच पडून राहतात. पण जोडणी बिघडून ‘पब्लिक’ रिकामं राहिलं, तर साइटही रिकामी होईल. म्हणून चढवण्याआधी स्क्रिप्टनं मुखपृष्ठाची फाइल तयार आहे का ते बघायचं, नसेल तर तिथंच थांबायचं. सुरुवातीला ‘ड्राय-रन’ लावून चालवा. काय पाठवणार, काय काढणार याची यादी दिसते आणि हात कशालाच लागत नाही. फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ द्या. ती राहिली की आतल्या फाइलींऐवजी अख्खं फोल्डरच जाऊन बसतं, आणि साइट जुनीच दिसत राहते.

स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहाल तर ओळींचे शेवट (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) लिनक्सचे ठेवा. विंडोजचे राहिले तर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून ती अडून बसते, आणि डोळ्यांना चूक काही दिसत नाही. फाइलींची नावं रोमन, सगळी लहान अक्षरांत. विंडोज लहान-मोठं अक्षर एकच धरतं, लिनक्स सर्व्हर धरत नाही. घरी दिसणारा फोटो तिथं गायब होतो तो यामुळंच. देवनागरी नावं चालतात, पण पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला की नुसतं ‘खानापूर’ टक्क्यांच्या चिन्हांसकट ६३ अक्षरांचं होऊ शकतं.

आणि आरसिंकला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली ओवी ते तितक्याच इमानानं तिकडेही पुसतं. गिट हे जुन्या आवृत्त्या जपणारं साधन ठेवा, शिवाय महिन्याला एक नक्कल पेनड्राइव्हवर. त्यातल्या काही आजी पुन्हा सांगायला भेटणार नाहीत.

प्रश्न : माझी साइट मराठीत आहे. कन्नड मित्रांसाठी तीच पानं कन्नडमध्येही द्यायची आहेत. वेगळी साइट काढू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नको. एकाच साइटवर दोन फोल्डर करा, आत फाइलींची नावं तीच ठेवा. वरची जोडणी मग दोनदा फिरवायची, मेनू तेवढा वेगळा. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषेचं चिन्ह विसरू नका. मराठीला एमआर, कन्नडला केएन. अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावरून आवाज निवडतं, आणि काही फॉन्ट ‘ल’ नि ‘श’ची मराठी वळणं ते चिन्ह बघूनच देतात.

भाषा बदलायचा दुवा पुष्कळ जण मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. मला ते अजिबात पटत नाही. नावं तीच असल्यामुळं तो थेट जोडीच्या पानावर नेता येतो. आणि कन्नड पान अजून लिहून झालेलं नसेल, तर फाइल आहे का एवढं तपासून स्क्रिप्टनं तिथं दुवा द्यायचाच नाही.