सूट शिवायचा तर उसवता येईल असा शिव

बाबू,

तुझा परवाचा मेसेज तीनदा वाचला. मॉलमधला तयार सूट १४ हजार, पणजीच्या शोरूमचा मेड टू मेजर ३८ हजार, म्हापशाचा टेलर कापडासकट २७ सांगतोय, तुझा पगार २४, आणि शेवटी एकच ओळ, "काका, शिवून घेणं वर्थ आहे का?" मेसेज रात्री पावणेएकला आलेला, म्हणजे झोप लागत नव्हती तुला. म्हणून लांब लिहितोय, नीट बसून वाच.

सूट अंगावर चढला की माणूस कसा ताठ उभा राहतो वगैरे मी तुला सांगत बसणार नाही. हॉटेलच्या डेस्कमागे आठ तास उभं राहणं काय असतं ते तू ट्रेनिंगमध्ये बघितलंयस. मला फक्त एवढंच विचारायचंय की या तिघांतला उसवता येईल असा सूट कुठला? किमतीचा विचार त्यानंतर.

उसवता येईल म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्या पिढीने कोट आतून उलटा करून बघितलेलाच नसतो. चांगला शिंपी शिवताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो, त्याला दाब म्हणतात. पाठीच्या मधल्या शिवणीत, दोन्ही कडांना, बाह्यांच्या टोकाला, पँटच्या मागच्या शिवणीत. बाहेरून काही दिसत नाही. पण पाच वर्षांनी पोट सुटलं की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर घ्यायचं आणि परत टीप मारायची, सूट पुन्हा तुझा. तयार सुटात पँटीला मागे थोडंफार असतं, कोटात जवळपास काहीच नसतं, कारण हजार कोट एकदम कापताना प्रत्येकी इंचभर वाचवला तर कंपनीचं केवढं कापड वाचतं तूच बघ.

हे मी कुठे शिकलो तेही ऐक.

माझे बाबा गोवा मुक्तीच्या आधी पणजीत एका पेढीवर कारकून होते. १९५७ साली त्यांनी सूट शिवला, नेव्ही ब्लू, विलायती लोकर. तेव्हा भारताने गोव्याची नाकेबंदी केलेली, पण मुरगावला बोटीने उतरणारा परदेशी माल आपल्याकडे भरपूर मिळायचा आणि कपडा अस्सल असायचा. तो सूट घरात मोठ्या समारंभालाच निघायचा. १९८५ ला मला हॉटेलात इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, मी २१ वर्षांचा, काडीसारखा, आणि बाबांनी स्वतः कपाटातून काढून दिला, म्हणाले घालून जा. मला तो ढगळ व्हायचा. बाबांना न विचारता मी बसस्टँडजवळच्या एका दुकानात नेला आणि म्हटलं फिट करून द्या, उद्या सकाळी पाहिजे. त्याने खडूने रेघ मारली, नवी टीप घातली आणि आतलं सगळं जास्तीचं कापड कातरीने सरळ कापून टाकलं. मी समोर उभा होतो. दोन-दोन इंचांच्या लांब पट्ट्या टेबलावरून खाली पडल्या. एक उचलून बघितली तर रंग इतका गर्द की मला आधी काळाच वाटला. अठ्ठावीस वर्षं शिवणीच्या आत राहिलेलं कापड, उजेड न लागलेलं, बाबांनी दुकानात पसंत केला तो मूळचा निळा तो. बाहेरचा कोट त्याच्यासमोर धुतलेल्या पाटीसारखा दिसत होता. का कोण जाणे, त्यातली एक मी खिशात घातली.

नोकरी मिळाली. १९९० ला माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा म्हणाले मी माझा सूट घालतो. बटणं लागेनात. ते स्वतः म्हापशाला जाऊन आले, तिथल्या आल्फायाताने, म्हणजे शिंप्याने, कोट उलटा केला, बघितला, आणि परत दिला. सोडायला आत कापडच नव्हतं. बाबा लग्नाला पांढरा बुशशर्ट घालून आले, मला म्हणाले, "बरंच झालं, केवढं उकडतंय." नंतर या विषयावर कधी एक शब्द नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला आज छत्तीस वर्षांनीही वाटतं.

म्हणून सांगतो, उसवता येईल असा शिव. मी हट्टी आहे असं तुझी आई म्हणते, असेन.

आता तुझ्या तिन्ही पर्यायांकडे बघू.

३८ हजारवाला. तिथे टेप लावतात, आकडे टॅबवर भरतात, ते फॅक्टरीत जातात आणि तीन आठवड्यांनी पार्सल येतं. मध्ये ट्रायल आहे का? तू लिहिलंयस की "फायनल फिटिंग" आहे. फायनल फिटिंग म्हणजे सगळं शिवून झाल्यावर आरसा दाखवणं! ट्रायल म्हणजे कोट कच्च्या टाक्यांवर अंगावर चढवतात, एक बाही टाचणीने लावलेली असते, मास्टर पाठीमागे उभा राहून खडूने खुणा करतो आणि मग तो कोट तुझ्यासमोर परत सुटा करतो. तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, माहितीये तुला? सॅक एकाच खांद्यावर लटकवून सगळं कॉलेज काढलंस. नुसत्या टेपने ते कळत नाही.

आणि विचारून घे की आत कॅनव्हास आहे की फ्यूजिंग. कोटाच्या पुढच्या भागाला आकार यायला आत एक थर लागतो. जुनी पद्धत म्हणजे घोड्याच्या केसांचं कॅनव्हास, हाताच्या टाक्यांनी बसवलेलं, टाके सैल असतात त्यामुळे कोट अंगाबरोबर हलतो. दुसरी पद्धत, चिकट थर गरम प्रेसने चिकटवून टाकायचा, काम मिनिटांत होतं. थंड कोरड्या गावात चालत असेल ते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. २००४ च्या नोव्हेंबरात इफ्फी, तो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पहिल्यांदा पणजीला आली, तेव्हा मी होतो त्या हॉटेलने आम्हा सगळ्यांना नवेकोरे काळे सूट दिले. दोन पावसाळे आणि धोब्याची वाफेची इस्त्री, छातीवर फोड उठल्यासारखे फुगे आले, गम सुटला. त्याला इलाज नाही. चिकटवलेलं उसवता येत नाही, हे लक्षात घे, माझं सगळं म्हणणं त्यातच आलं. तपासायचं असेल तर बटणाच्या काजाखालचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धर आणि हलकेच ओढून वेगळं कर, बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्या मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना लागला तर कॅनव्हास. नाही लागला तर चिकटवलेला.

त्यांचा सेल्समन तुला सुपर १५० दाखवतोय म्हणे. नको. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा असतो, सुपर १०० ची लोकर पावणेएकोणीस मायक्रॉनपर्यंत, १५० ची सव्वासोळापर्यंत. जितकी बारीक तितकी मऊ आणि तितकीच नाजूक. रोज डेस्कवर कोपर टेकवणाऱ्या माणसाला सुपर १०० किंवा ११० पुरे, मीटरला २५० ग्रॅमच्या आसपास वजनाचं, सुट्या विणीचं, हवा खेळणारं. भेसळ पॉलिएस्टरची जितकी कमी तितकं बरं, लोकर घाम पिते, पॉलिएस्टर पीत नाही. अस्तर पाठीत अर्धंच लाव, आणि तेसुद्धा व्हिस्कोजचं. तीन, सव्वातीन मीटरमध्ये सूट होतो, कापड स्वतः घेतलंस तर अर्धा मीटर जास्त घे आणि घरी जपून ठेव.

१४ हजारवाला. यावर मी चिडणार नाही. खांदा तंतोतंत बसत असेल तर घे, बाह्या आणि पँट म्हापशात कुणीही कमी करून देईल. खांदा बसत नसेल तर हात लावू नको, खांदा दुरुस्त करणं म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवणं. तो चार-पाच वर्षांचा सूट आहे एवढं धरून घ्यायचा. तुला फक्त चुलत बहिणीच्या लग्नात मिरवायचं असतं तर मी म्हटलं असतं हाच घे आणि विषय संपव. पण तुला जानेवारीत जॉइन व्हायचंय आणि पुढची वीस वर्षं तू हेच काम करणारेस, मग कपड्याचा हिशेब वीस वर्षांचा नको का?

माझा हिशेब सांगतो. १९९२ साली माझा पगार २१०० होता. मी त्याच आल्फायाताकडे गेलो ज्याने बाबांना परत पाठवलं होतं. (आल्फायात हा पोर्तुगीज शब्द, त्यांनी तो अरबीतून घेतला, आपल्याकडे जुनी माणसं अजून म्हणतात.) कापड आणि शिलाई मिळून २९०० झाले. त्या वर्षी मे महिन्यात घराची कौलं परतायची होती, ती राहिली. पावसाळाभर माजघरात तीन बादल्या ठेवल्या होत्या आणि आई प्रत्येक थेंबाला माझं नाव घ्यायची. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण माझंही चुकलं नाही. तो सूट मी १९९९ ला कमरेत सोडवून घेतला, २००८ ला पाठीत, आणि गेल्या वर्षी परत आत घेतला कारण आजारपणात वजन उतरलं. तेहतीस वर्षांनी तोच कोट. माझा मुलगा पुण्यात आठ वर्षांत चौथा तयार सूट घेतोय, मी चौघांची बेरीज करून सांगितली तर म्हणाला बाबा तुम्ही प्रत्येक गोष्टीचं हेच काढता, आणि फोन ठेवला. बेरीज बरोबर आहे. कौलं पुढच्या वर्षी परतलीच की आम्ही. बाबांना तो सूट दाखवला तेव्हा त्यांनी आधी कोट उलटा करून पाठीची शिवण बोटांनी चाचपली, मग मान हलवली. तेवढ्यासाठी मी पावसाळाभर बादल्या उचलल्या, आणि परत उचलीन.

तो आल्फायात माप घेताना पुटपुटायचा, "कूड वाडटा, कपडो वाडना." म्हणजे अंग वाढतं, कपडा वाढत नाही. घाई केलेली त्याला खपायची नाही, दोन ट्रायल झाल्याशिवाय तो कोट हातात देत नसे. आता तो नाही, दुकानही नाही.

तुझा म्हापशाचा टेलर मला माहीत नाही, त्यामुळे २७ हजार योग्य की जास्त हे मी त्याच्याशी बोलल्याशिवाय सांगणार नाही. त्याला विचार, पाठीत दाब किती ठेवणार? इंच-सव्वा इंच म्हणाला तर बस तिथे. पँटला मागे दीड इंच, खाली दोन. कच्च्या शिलाईची ट्रायल देणार का? छातीत कॅनव्हास घालणार की बक्रम, म्हणजे ते कडक कापड, चिकटवणार? बाहीच्या बटणांना खरी काजं पाडायची घाई करू नको म्हणून सांग, एकदा काज कापलं की बाही खालून कमीजास्त करता येत नाही, तिथेही उसवायची वाट बंद. या प्रश्नांवर तो वैतागला तर उठ आणि मॉलमध्ये जा, मी खरंच सांगतोय. दाब न ठेवता शिवलेला सूट म्हणजे तयार सूटच, वरून १३ हजार जास्त मोजून.

आणि आत्ताच ठरव. चतुर्थी आटोपलीय, टेलर जरा मोकळे आहेत. तुळशीचं लग्न झालं की आपली लग्नं सुरू, त्यात नाताळ, आणि नाताळ झाला की ख्रिश्चनांची लग्नं, तेव्हा सूट शिवणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि घाईत सगळ्यात आधी ट्रायल बुडते. पाच-सहा आठवडे धर.

पैसे कमी पडत असतील तर सात-आठ हजार मी देतो, पगारातून फेड. नाही म्हणू नको उगाच. पण ते दाबवाल्या सुटालाच, शोरूमला एक रुपया देणार नाही.

सूट आला की प्लास्टिकच्या कव्हरात कोंडू नको, जुन्या सुती चादरीची पिशवी शिवून घे. पावसाळ्यात तुझी आजी कपाटात बारका बल्ब लावून ठेवायची ना, तसा लाव, नाहीतर लोकरीवर बुरशी चढते आणि तिचा वास जात नाही. प्रत्येक वेळी ड्रायक्लीनला टाकायची गरज नाही, ब्रश मार आणि सावलीत वाऱ्याला टांग.

मंगळवारी साडेदहाला म्हापशाला ये, आपण दोघं जाऊ त्याच्याकडे. शुक्रवारी नको, बाजार असतो, गाडी लावायला जागा नाही आणि मास्टरचंही लक्ष लागत नाही. येताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ड्युटीचे बूट घालून ये, चपला घालून आलास तर पँटची लांबी चुकेल. मी माझा कोट आणतो, त्याला आतून उलटा करून दाखवू म्हणजे आपल्याला काय पाहिजे ते बोलावं लागणार नाही. बाबांच्या सुटाची ती पट्टी पण आणतो. तुला रंग बघायचा असेल तर.

तुझा
काका