नेत्यावर माहितीपट करताय? आधी हे बघा

नेत्याने होकार दिला म्हणून लगेच कॅमेरा घेऊन धावू नका. अंतिम संकलनाचा हक्क तुमचाच राहील, हे आधी लेखी घ्या. पट पूर्ण झाल्यावर त्यांना जरूर दाखवा, तथ्याची चूक निघाली तर दुरुस्त करा. पण ‘हे वाक्य काढा’ म्हणायचा अधिकार त्यांच्या कार्यालयाला देऊ नका. तो दिलात की तुमच्या हातात प्रचारपट उरतो.

मुलाखतीत ‘तुमचा संघर्ष सांगा’ असं विचारलंत, तर हजारदा घोटलेलं भाषणच ऐकायला मिळेल. त्याऐवजी त्यांच्याच सहीचं एखादं जुनं पत्र पुढ्यात ठेवा आणि गप्प बसा. ते वाचत असताना कॅमेरा चेहऱ्यावरून हलवू नका. उत्तर संपल्यावरही लगेच ‘कट’ म्हणू नका. खरं बोलणं बरेचदा त्या शांततेनंतर येतं.

व्यासपीठ तर सगळेच टिपतात. १९६० साली अमेरिकी माहितीपटकार रॉबर्ट ड्रू यांच्या चमूने विस्कॉन्सिन राज्यातली जॉन केनेडी आणि ह्युबर्ट हम्फ्री यांची, अध्यक्षपदाच्या पक्षांतर्गत उमेदवारीसाठीची लढत चित्रित केली. त्यात केनेडींच्या पत्नी जॅकी सभेत बोलत असताना पाठीमागे त्यांच्या हातांची चाललेली चुळबुळ दिसते. असं काही हाती लागायला कॅमेरा हलका हवा, आणि गाडीत, मागच्या खोलीत तासन्‌तास थांबायची चिकाटी हवी.

विरोधकांना आणि दुरावलेल्या जुन्या सहकाऱ्यांना भेटाच, तेही नेत्याच्या मुख्य मुलाखतीआधी. आणि जुन्या चित्रफितींच्या हक्कांची चौकशी सुरुवातीलाच करा. तो खर्च अंदाजपत्रक पार कोलमडवतो.