पाय घसरून आईचं मनगट मोडलं, हाडं ठिसूळ झालीत म्हणे. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी भागेल का?

तुम्ही लिहिलंय, आईचं वय ६३, परसात ओल्या फरशीवरून पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, डॉक्टर जाता जाता ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणाले आणि कॅल्शियम लिहून दिलं. हाड ठिसूळ होतं म्हणजे नेमकं काय होतं आणि एवढ्यावर भागेल का, हे तुम्हाला हवंय.

भागणार नाही. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं घरोघरी जाऊन पेशंट बघते. पन्नाशीनंतर चालता चालता पडून मनगट मोडलं, तर ती हाडांनी दिलेली वर्दी समजायची. मनगट सहा आठवड्यांत जुळून येतं, घरातले सगळे सुटलो म्हणतात, आणि काही वर्षांनी तीच बाई खुब्याचं हाड मोडून खाटेवर असते. मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा तेव्हा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हाड म्हटलं की शाळेतला सांगाडा डोळ्यांपुढे येतो, वाळलेल्या लाकडासारखा. जिवंत हाडात रक्त खेळत असतं. त्यातल्या काही पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, तर काही मागोमाग नवं भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. मोडलेलं हाड जुळतं तेही यामुळेच, प्लास्टर फक्त त्याला जागेवर धरून ठेवतं.

आता कॅल्शियमचं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही बघितली नसली तरी ऐकली असतील. पूर्वी तिथे जमिनीखालच्या खड्ड्यांत हळद साठवायचे आणि भाव बघून काढायचे. हाडं म्हणजे शरीराचं कॅल्शियमचं पेव. अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम तिथे असतं. उरलेलं थोडंसं रक्तात आणि पेशींत असतं, पण त्याच्याशिवाय हृदय नीट चालत नाही, स्नायू आखडतात. म्हणून रक्तातलं कमी पडू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढायला लावतात. तिशीपर्यंत पेव भरत असतं. पुढे हळूहळू उतरतं, आणि बाईची पाळी गेली, इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं, की काढणं भराभर आणि भरणं सावकाश असं होतं. हाड आतून जाळीदार होत जातं. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही.

माझ्या आजीचं असंच झालं. आधी तिला फडताळातला वरचा डबा पोचेना. मग साडी पायात यायला लागली. नेहमीसारखीच नेसायची, पण काठ जमिनीवर लोळायचा. आम्ही ‘म्हातारपणाने वाकली’ म्हणून सोडून दिलं. एकदा पाण्याची घागर उचलताना पाठीत चमक भरली तेव्हा एक्स-रे काढला, तर दोन मणके चेपून बसलेले. एक आधीचाच होता, आम्हाला पत्ताच नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होते. ती लोळणारी साडी मला आजही आठवते, आणि कुणाच्याही घरी गेले की आजीबाईंच्या पायाकडे माझी नजर जातेच. तुमच्या आईची उंची कमी झाल्यासारखी वाटते का, एवढं बघा.

हाडांची बाकीची कामं तुम्हाला माहीतच असतील. कवटी मेंदूला जपते, बरगड्या हृदय-फुप्फुसांना. स्नायूंना ओढायला हाडाचा आधार लागतो. आणि रक्त तयार होतं ते हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, मोठेपणी मुख्यतः कमरेचं हाड, मणके, छातीचं हाड, बरगड्या इथे.

आता काय करायचं ते. डॉक्टरांना डेक्सा तपासणीबद्दल विचारा, हाड किती भरीव आहे ते त्यात मोजतात. सांगली-मिरजेत ती होते, नुसतं आडवं पडायचं असतं, दुखत नाही. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा. उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर त्याच्या वाटेवर. पण असं मोडलेलं हाड हेही स्वतःच महत्त्वाचं मानतात, म्हणून आकडा बरा आला तरी डॉक्टरांशी बोला. सोबत रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, किडनी, थायरॉइड बघतात. गरज असेल तर हाड कुरतडणं थांबवणारं औषध देतात. आठवड्याला एक गोळी असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. चहाबरोबर घेऊन परत आडव्या होणाऱ्या आज्या मी बघितल्यात. वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं.

कॅल्शियमची गोळी चुकीची नाही, पण ती माल आहे, भरणारा हात नाही. आत शोषायला ड जीवनसत्त्व लागतं, हाडात बसवायला हाडावर भार पडावा लागतो. बहुतेक गोळ्यांत कार्बोनेट असतं, ती जेवणाबरोबर घ्यावी. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, लोहाच्या गोळीबरोबरही नको. ताटात नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही, राजगिरा, आणि डाळ किंवा अंडं हवंच, कारण कॅल्शियम ज्यात बसतं ती हाडाची चौकट प्रथिनांची असते. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या मात्र आपल्या मनाने वर्षानुवर्षं घेऊ नका, कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

‘आमची आई दिवसभर उन्हात असते’ असं तुम्ही म्हणाल. तासगावकडे द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायका आठवा: साडीवर लांब हाताचा शर्ट, डोक्याला-तोंडाला स्कार्फ. ऊन कातडीला लागतंच कुठे? रोज थोडा वेळ तरी हातपाय उघडे ठेवून उन्हात बसणं वेगळं. आई मिश्री लावत असेल तर तीही सुटायला हवी, तंबाखू हाडाला मारक आहे. आणि गुडघेदुखीवर बिनलेबलच्या पुड्या देणारे असतात, त्यांच्यापासून लांब. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड सापडतं. आठ दिवसांत गुडघा मोकळा वाटतो आणि आत हाड पोकळ होत राहतं. माझ्या शेजारच्या काकूंनी दोन वर्षं घेतल्या, पुढे खुबा गेला.

सगळी दुखणी ठिसूळपणाची नसतात, हेही लक्षात ठेवा. गुडघा झिजतो ती कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, झिजते. लहान मुलांना ड जीवनसत्त्व कमी पडलं तर मुडदूस होतो, पाय वाकतात. कंबर आठवड्यांमागून आठवडे दुखतेय, संध्याकाळी बारीक ताप येतोय, वजन उतरतंय, तर मणक्याचा टीबी असू शकतो, खोकला नसला तरी. पाय लुळे पडायच्या आत गाठावा लागतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पोराच्या गुडघ्याजवळ गाठ आणि रात्रीचं दुखणं असेल तर चोळत बसू नये, लगेच दाखवावं. हाडाच्या कर्करोगाची सुरुवात अशी असू शकते.

आत्ता घरी एवढं करा. प्लास्टरमधून बाहेर असलेली बोटं तासातासाला मिटायची-उघडायची, हात खांद्यातून दिवसातून चार वेळा वर न्यायचा, नाहीतर मनगट जुळेल आणि खांदा धरून बसेल. बोटं निळी पडली, बधिर झाली, कळ सहन होईना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना. हाड बसवणाऱ्याकडे बांबूच्या कांबी घट्ट आवळून घेऊ नका, हात गमावलेले लोक आहेत. परसातल्या त्या फरशीवर खडबडीत लादी बसवा, न्हाणीत धरायला दांडा ठोका. आणि प्लास्टर काढायला जाल त्याच खेपेला डेक्साची चिठ्ठी मागून घ्या.